चित्रातली कापडपेठ

बैठकीच्या खोलीत लावायला एखादं चित्र आणायचं झालं, तर आपण काय आणतो? डोंगर, झाडं, नदीकाठचं देऊळ, नाहीतर एखादं गोबऱ्या गालांचं बाळ. कापडाच्या दुकानाचं चित्र काही आपण आणत नाही! दसरा-दिवाळीच्या आधी जिथं पाऊल ठेवायला जागा नसते, ती पेठ आणखी भिंतीवर कशाला, असंच आपण म्हणू. पण जपानातल्या एका थोर चित्रकारानं नेमकी कापडपेठच रंगवली, आणि आज ते चित्र मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेलं आहे. तर मैत्रिणींनो, चला, आज त्या पेठेतून एक फेरफटका मारून येऊ. पिशवी बरोबर घ्यायला हरकत नाही. घासाघीस करायची सवय मात्र घरी ठेवून या. का, ते पुढं कळेलच.

चित्रकाराचं नाव उतागावा हिरोशिगे आणि चित्राचं नाव 'सुरुगा-चो'. 'चो' म्हणजे आपल्याकडची आळी किंवा पेठ. ही पेठ एदो शहरातली. एदो म्हणजेच आजचं टोकियो. हे नवं नाव त्याला १८६८ मध्ये मिळालं. आयुष्याच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत हिरोशिगेनं एदोतल्या नामांकित जागांची शंभराहून अधिक चित्रं काढली. त्या मालिकेतलं हे चित्र १८५६ सालचं.

चित्र उभं आहे, वहीच्या मोठ्या पानाएवढं. आपण जणू माडीवरून खाली रस्त्यात डोकावतो आहोत. रस्ता नाकासमोर सरळ गेलेला. दोन्ही बाजूंना दुकानांच्या लांबच लांब रांगा, आणि त्या रांगांवर गर्द निळे पडदे टांगलेले. पडद्यांवर पुन्हा पुन्हा एकच खूण: एक गोल आणि त्या गोलात जपानी अक्षरं. इतकी दुकानं आणि खूण एकच कशी? कारण दोन्ही बाजूंचा सगळा पसारा एकाच मालकाचा! रस्त्यात माणसांची ही गर्दी. कमरेला तलवार लावलेले सामुराई आहेत, खांद्यावर ओझं घेतलेले हमाल आहेत, खरेदीला निघालेल्या बायका आहेत. या सगळ्यांच्या डोक्यावर ढगांचा एक पट्टा, आणि त्याच्याही वर, बरोबर मध्यभागी, बर्फाचा पांढराशुभ्र फुजी पर्वत.

फुजी म्हणजे जपानी माणसाचं दैवतच. तो टोकियोपासून सुमारे शंभर किलोमीटर दूर. तो सुरुगा प्रांताच्या सीमेवर उभा, आणि या गल्लीतून तो सरळ समोर दिसायचा, म्हणून गल्लीचं नावच सुरुगा-चो पडलं. चित्रकारानं त्याला थोडा जवळ ओढून मोठा केला आहे, हे खरं. पण देवाचा डोंगर वर आणि कापडाचे तागे खाली, यात त्याला काही विसंगत वाटलं नाही. खरेदीला आलेल्या साध्या माणसांच्या डोक्यावर त्यानं तो मानानं ठेवला.

हे चित्र ब्रशनं रंगवलेलं एकुलतं एक चित्र नव्हे, बरं का. ते लाकडी ठशांनी छापलेलं. आपल्याकडे चादरींवर ठसे उमटवतात ना, तत्त्व तेच. काम मात्र फार नाजूक. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करून देई. कोरणारा कारागीर तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवून रेघ न् रेघ कोरून काढी. मूळ रेखाटन त्या कोरण्यातच संपून जाई! मग रंगांसाठी वेगवेगळे ठसे. कागद दर वेळी अगदी जागच्या जागी बसावा म्हणून ठशाच्या कडेला खाचा ठेवलेल्या. कागद तुतीच्या जातीच्या एका झाडाच्या सालीचा, चिवट. छापणारा तो ठशावर पसरून पाठीमागून एका गोल चकतीनं घासे. आकाशाचा निळा रंग वरून खाली हळूहळू फिका होत जातो ना, ती ठशावरचा ओला रंग हातानं पुसून आणलेली किमया. म्हणजे चित्रावर नाव एका हिरोशिगेचं. त्यामागे कोरणारा, छापणारा आणि पैसे घालणारा प्रकाशक असे तिघे आणखी. अशा ठशांच्या पुष्कळ प्रती निघत, आणि शेवयांच्या एखाद-दुसऱ्या वाडग्याच्या किमतीत साधी माणसंही ती विकत घेऊ शकत. पुढं हीच चित्रं युरोपात पोचली तेव्हा तिथले चित्रकार थक्क झाले. व्हॅन गॉगनं १८८७ मध्ये याच मालिकेतल्या दोन चित्रांच्या तैलरंगात नकला केल्या.

चित्रातली एवढी गजबज बघताना एक गोष्ट मनात ठेवायला हवी. ११ नोव्हेंबर १८५५ च्या रात्री एदोला भूकंपाचा जबर धक्का बसला होता. घरं कोसळली, आगी लागल्या, हजारो माणसं दगावली. त्याला पुरतं वर्षही झालं नव्हतं तेव्हा हे चित्र बाजारात आलं. हिरोशिगे स्वतः एदोच्या किल्ल्यातल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा मुलगा. लहानपणीच ते काम त्याच्या अंगावर पडलं होतं. आग म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्यानं शहराच्या पडझडीऐवजी ताठ उभी दुकानं आणि चालती माणसं दाखवली. घर सावरताना आपणही आधी चूल पेटवतो, नाही का? १८५८ मध्ये एदोत पटकीची साथ होती त्याच दिवसांत हिरोशिगे गेला. त्याची काही चित्रं तर त्याच्या मागं बाहेर पडली.

आता त्या निळ्या पडद्यांकडे वळू. दुकानाचं नाव एचिगोया. मालक मित्सुई घराणं. पण दुकानाची खरी गोष्ट एदोत सुरू होत नाही. ती सुरू होते दूरच्या मात्सुसाका नावाच्या गावात, एका बाईपासून.

तिचं नाव शुहो. ती व्यापारी घराण्यातली लेक. नवऱ्याचं गहाणवटीचं दुकान होतं, शिवाय मिसो आणि साके विकायचा धंदा. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला, रोजच्या स्वयंपाकात लागणारा पदार्थ. साके म्हणजे तांदळाची दारू. सासऱ्यांना पूर्वी 'एचिगोचे सरदार' असा किताब होता, म्हणून लोक या दुकानाला एचिगो सरकारांचं साकेचं दुकान म्हणत. नवरा कवितेत रमणारा. दुकानाची कटकट त्याला नको. मग ते बघायचं कुणी? शुहोनं. चार मुलगे, चार मुली, घरचं सगळं आणि वर दुकान! काटकसर तिच्या हाडीमासी खिळलेली होती. वस्तू वाया घालवणं तिला ठाऊकच नव्हतं. नफा थोडा घ्यायचा, पण गिऱ्हाईक बांधून ठेवायचं, अशी तिची रीत. या घराण्याच्या व्यापाराचं मूळ शुहो, असं तिच्याच एका नातवानं १७२२ मध्ये लिहून ठेवलं आहे. पुढं ज्या घराण्याचं नाव जपानातल्या बड्या बँका आणि कंपन्यांवर लागलं, त्याचा धडा असा एका सासुरवाशिणीनं गिरवलेला.

तिचा धाकटा मुलगा ताकातोशी. तो चौदाव्या वर्षी एदोला थोरल्या भावाच्या दुकानात कामाला गेला आणि इतका हुशार निघाला, की भावालाच धाक वाटू लागला. अठ्ठाविसाव्या वर्षी आईला सांभाळायला म्हणून त्याला गावी परत यावं लागलं. पुढची चोवीस वर्षं तो मात्सुसाकातच राहिला. तिथं व्यापार केला, संसार केला, मुलांना तयार केलं, आणि एदोची वाट बघितली. १६७३ मध्ये थोरला भाऊ वारला. तेव्हा ताकातोशी जपानी हिशेबानं बावन्न वर्षांचा होता आणि आई ऐंशीच्या पुढं. आता उरलेलं आयुष्य देवदेव करावा असं ते वय; या गृहस्थानं त्याच वर्षी एदोत कापडाचं दुकान मांडलं. दुकान मुलांनी चालवायचं आणि आपण मात्सुसाकाहून सूत्रं हलवायची, अशी योजना.

त्या काळी एदोत कापड कसं विकत, माहीत आहे? कापडवाले बड्या सरदारांच्या वाड्यांवर माल घेऊन जात. भाव ठरलेला नसे; गिऱ्हाईक पाहून तो सांगायचा. पैसे वर्षातून एकदोनदा मिळणार, आणि तेही मिळाले तर. मग उधारीचं व्याज आणि बुडीत रक्कम दुकानदार आधीच भावात धरून ठेवी. पुन्हा विकायचं ते अख्खा तागा. किमोनोचं कापड वीतभर-दीडवीत रुंद आणि सुमारे बारा मीटर लांब असतं. एका ताग्यात एक किमोनो. तेवढे पैसे एकदम ज्याच्याजवळ नाहीत, त्यानं काय करायचं? सामान्य घरच्या बाईला त्या दुकानात कामच नव्हतं.

ताकातोशीनं हे सगळं उलटं केलं. माल घरी येणार नाही. तुम्ही दुकानात या. पैसे रोख द्या. भाव एकच, सांगितला तो सांगितला. चढवून सांगणं नाही, म्हणून पाडून मागणंही नाही. आणि कापड हवं तेवढंच कापून मिळेल. हे शेवटचं वाक्य वाचून तुमच्या लक्षात आलंच असेल, की घरात सुईदोरा कुणाच्या हातात असतो ते या माणसाला नीट माहीत होतं. किमोनो सरळ पट्ट्यांचा शिवतात. तो उसवून, पट्ट्या धुऊन, ताणून वाळवून पुन्हा शिवायची त्यांची पद्धत. कधी नुसती गळपट्टी विरते, कधी अस्तर जातं, कधी बाहीचा काठ. त्यासाठी बारा मीटर कुठं लागतात? मोठ्यांचा किमोनो जुना झाला की पोरांचे कपडे, मग अंथरुणाचे अभ्रे, मग लंगोट, शेवटी पोतेरं. आपल्या जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची, तोच हिशेब! अशा घरातल्या बाईला हवा असतो हातभर तुकडा, आणि तो मागताना दुकानदारानं नाक मुरडू नये एवढी अपेक्षा. साइकाकु नावाच्या लेखकानं १६८८ मध्ये या दुकानाचं वर्णन केलं आहे. बोटभर मखमलसुद्धा तिथं कापून देत, प्रत्येक प्रकारच्या कापडाला जाणकार गुमास्ता वेगळा होता, आणि अडीनडीला लागणारा पोशाख तिथल्या तिथं शिवून मिळे, असं तो सांगतो.

शेजारचे दुकानदार हे निमूट बघत बसले असतील असं वाटतं का तुम्हाला? छे! त्यांनी मित्सुईंना वाळीत टाकलं, व्यवहार तोडले. एवढ्यानं भागेना, तेव्हा मित्सुईंच्या स्वयंपाकघराच्या तोंडावर संडास बांधून ठेवला. माणसाचा मत्सर कुठल्या थराला जातो बघा. पण दैवाचे फासे असे, की १६८२ च्या अखेरच्या मोठ्या आगीत ते दुकान जळालं, आणि १६८३ मध्ये नवं दुकान उभं राहिलं ते सुरुगा-चोमध्ये, म्हणजे आपल्या चित्रातल्या रस्त्यावर. शेजारीच पैसे बदलून देणारी पेढीही घातली. त्या वेळी गावभर छापील पत्रकं वाटून कळवलं, की आमच्याकडे रोखीचा व्यवहार, भाव चढवलेला नाही. हीच पाटी तुम्हाला होकुसाई या दुसऱ्या थोर चित्रकाराच्या चित्रात दिसेल. त्यानं हिरोशिगेच्या आधी, १८३० च्या सुमारास, हेच दुकान काढलं. त्यात खालची गर्दी नाहीच. छपरावर चढलेले कौलकरी आहेत, आकाशात नव्या वर्षाचे पतंग आहेत आणि मागं तोच फुजी. एकच दुकान; एकानं छपरावरचे कष्टकरी बघितले, दुसऱ्यानं रस्त्यावरचं गिऱ्हाईक.

दुकानाची आणखी एक युक्ती तर मला फारच आवडली. खरेदी करता करता पाऊस आला की दुकान गिऱ्हाइकाला छत्री द्यायचं, घरी जायला. छत्रीवर अर्थातच दुकानाची ठळक खूण. पावसाची सर आली की एदोच्या रस्त्यारस्त्यांतून एचिगोयाच्या छत्र्या चालू लागत. गिऱ्हाईक कोरडं घरी पोचे आणि जाहिरात फुकटात होई! लोकांनी यावर चावट कविताही केल्या.

पण मैत्रिणींनो, पडदा बाजूला सारून आत पाऊल टाकलं, की एक गोष्ट डोळ्यांत भरते. दुकानाच्या आतलं दृश्य ओकुमुरा मासानोबु या चित्रकारानं हिरोशिगेच्या शंभर वर्षं आधी काढलं होतं. चटया अंथरलेला प्रशस्त दिवाणखाना, ओळीनं बसलेले गुमास्ते, त्यांच्यापुढं उलगडलेली कापडं. माल आणून द्यायला पोरं धावताहेत. आणि विकणाऱ्यांत बाई एकही नाही. अशा बड्या दुकानांत सगळी पुरुषमंडळीच कामाला असत. स्वयंपाकसुद्धा पुरुषच करीत. बाराएक वर्षांची पोरं गावाकडून आणायची, ती दुकानातच राहायची, वर्षानुवर्षं राबायची. त्यांना लग्न करून वेगळं बिऱ्हाड थाटायची मुभा मिळे ती बऱ्याच उशिरा. निळ्या पडद्याआड या पोरांची किती वर्षं गेली असतील! एका भावाचं दुकान त्यांच्यासाठी काही सुखाचं नव्हतं. आणि जिच्या हिशेबीपणातून हे सगळं उभं राहिलं, त्या शुहोसारखी एखादी हुशार बाई या दुकानात यायची ती फक्त गिऱ्हाईक म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे बदललं, आणि विक्रीच्या कामावर मुली दिसू लागल्या.

गिऱ्हाईक म्हणून मात्र तिला इथं जे मिळालं, ते लहान नव्हतं. घासाघिशीत आपल्याला मजा येते, हे मी नाकारत नाही. दहा रुपये कमी करून आणले की दिवस कसा छान जातो! पण त्या खेळात नेहमी जिंकतं कोण? जिला वेळ आहे, जिची जीभ चालते, जिचा नवरा मोठ्या हुद्द्यावर आहे ती. नवखी सून, भिडस्त बाई, खेड्यातून आलेली म्हातारी यांना दुकानदार ओळखूनच असतो. सुरुगा-चोमध्ये सामुराईच्या बायकोला जो भाव, तोच सुताराच्या बायकोला. मित्सुईंनी हे धर्म म्हणून केलं नव्हतं. थोडा नफा, पुष्कळ विक्री आणि बुडीत खातं शून्य, असा तो पक्का हिशेब होता. म्हणून काय झालं? चोख हिशेबातून न्याय झाला तर तो काही कमी दर्जाचा नव्हे. आईनं साकेच्या दुकानात जे केलं, तेच लेकानं कापडाच्या दुकानात मोठ्या प्रमाणावर केलं, असं मला तरी वाटतं.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा किंवा लेक-जावई आज टोकियोत असेल, आणि तिथं जायचा योग आला, तर ही जागा जरूर बघा. सापडायला अगदी सोपी आहे. भुयारी रेल्वेचं स्थानकच दुकानाच्या नावाचं आहे: मित्सुकोशी-माए, म्हणजे 'मित्सुकोशीसमोर'. हे स्थानक १९३२ मध्ये सुरू झालं. आता हे मित्सुकोशी कोण? आपलं एचिगोयाच! मित्सुईतलं 'मित्सु' घेतलं, आणि 'एचि' हे अक्षर 'कोशी' असंही वाचता येतं, म्हणून मित्सुकोशी. १९०४ मध्ये या नावानं दुकानाचा नवा अवतार झाला, सगळ्या तऱ्हेचा माल एका छपराखाली मिळणारा. दारात काशाचे दोन सिंह बसलेत, १९१४ पासून. कुणाच्या नजरेस न पडता सिंहाला हात लावला तर इच्छा पुरी होते, अशी तिथं समजूत आहे. आतल्या मोठ्या चौकात चार-चार मजले उंच अशी देवकन्येची रंगीबेरंगी लाकडी मूर्ती उभी आहे. तिचं नाव 'प्रामाणिक मन'. कापडाच्या दुकानात ठेवायला याहून चांगलं नाव कुठलं असणार?

हे दुकान आणि शेजारची मित्सुईंची १९२९ सालची दगडी इमारत, यांच्यामधून एक रस्ता जातो. तोच आपला सुरुगा-चो. नाव आता नकाशावर नाही. भागाला निहोनबाशी मुरोमाची म्हणतात. त्या दगडी इमारतीतच मित्सुई घराण्याचं संग्रहालय २००५ पासून आहे. रस्त्याच्या मध्यावर उभं राहून समोर बघाल, तर फुजी काही दिसणार नाही. उंच इमारती आड आल्या आहेत. तेव्हा हिरोशिगेचं चित्र जवळ असू द्या, छोटंसं छापील कार्डही चालेल. ते डोळ्यांसमोर धरा आणि गर्दीतली एखादी बाई शोधा. हातभर गळपट्टीसाठी ती घरून निघालेली असेल. भाव किती, हे तिला विचारायचं आहे. 'कमी करा हो' असं म्हणायची तिला गरज पडणार नाही.